शेजारच्या घरातून येणारं चित्र

रूथवहिनींचा फोन आला तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये मी नेमकी त्यांच्या नवऱ्याचीच नक्कल करत होतो. चष्मा कपाळावर ढकलून, कंबरेवर हात ठेवून, अगदी हुबेहूब सॅम. मंडळी हसून बेजार. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो... दुकानातच." चष्मा बराच वेळ कपाळावरच राहिला.

सॅम आमच्या कोल्हारचा केबलवाला आणि माझा सख्खा शेजारी. उसाचे ट्रक त्याच्या वायरी तोडायचे आणि शिव्या तो खायचा. शेवटी त्यानं एक डबा बनवला; आमच्या गल्लीत तो त्याच्या आणि माझ्याच घरी बसवला. हा डबा चित्र काही सेकंद उशिरा दाखवायचा आणि मधला तुकडा गळला, की शेजारच्या घरातल्या डब्याकडून वायरीशिवाय मागून घ्यायचा. त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट ऑफिसचा आक्षेप आला : एका जुन्या पेटंटमध्ये तुकडे साठवणं आहे, दुसऱ्यात हरवलेले तुकडे टॉवरकडून मागवणं आहे, दोन्ही जोडणं या कामातल्या कुणालाही सहज सुचेल. सॅमच्या दाव्यातल्या 'जवळचा साठा' या शब्दांचा अर्थ त्यांनी इतका ऐसपैस लावला, की टॉवरही त्यात बसला.

"मी घर म्हनतोय, ह्यांनी टॉवर आत घेतला!" सॅम भडकला. "आन् येवडं सोपं हाय, तर गावाला इतकी वर्सं सिरियल अर्धी का दिसत हुती? तवा कुनाला सुचलं न्हाई ते?"

हेच त्यानं सुनावणीत म्हणायला हवं होतं. पण सुनावणी व्हिडिओवर, समोर साहेब... "गुरुजी, तूच बोल. माझी जीभ अडखळती." मला काय, रंगमंचच मिळाला! "साहेब, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी ना, तसं आहे हे. माझ्या म्हाताऱ्या आईला एका वाक्यात कळलं!" साहेब हसले. मी आणखी फुललो. सॅम खालून माझी बाही ओढत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय.

सुनावणी संपल्यावर म्हणाला, "लई भारी बोललास गुरुजी. आता इतकं सोपं म्हनल्यावर..." त्यानंतर या विषयावर कधीच बोलला नाही.

पेटंटचा आदेश आला तो त्याला पुरल्यानंतर. वहिनींनी पाकीट माझ्या हातात दिलं. "इंग्रजीत आहे. जमलं का हो त्यांचं?" तिसऱ्या पानावर साखरेची वाटी होती. अर्जदाराच्याच बाजूनं सोपेपणा कबूल झाल्याची नोंद होती. मी म्हणालो, "नीट वाचून सांगतो."

काही आठवडे झाले. कुणालाही काहीही समजावणारा मी, मला हे एक वाक्य सांगता येईना. पेपरची ही पुरवणी त्यांच्या घरी येते, म्हणून इथं लिहितो. वहिनी, जमलं नाही. माझ्या तोंडामुळे जमलं नाही. अपील करता येतं म्हणे. पण घर आणि टॉवर यांतला फरक आता सांगणार कोण? मी?

काल ट्रकनं पुन्हा वायर तोडली. सगळ्या गल्लीचे टीव्ही बंद पडले, माझा चालू. दुसऱ्या लाइनवरचं जवळचं घर एकच, सॅमचं. वहिनींनी त्याचा डबा अजून बंद केलेला नाही. तुकडा मागताना माझ्या डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो. आवाज बंद करून मी त्या दिव्याकडे बघत बसलो... मागितला, मिळाला. मागितला, मिळाला.