तेवीस मिनिटांचं गाणं आणि सकाळचा करंट

तुमच्या आजोबांचा एक बँड होता, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल. तो कसा होता हे मात्र सांगितलं नसणार, कारण तो पुन्हा जमला तेव्हा ती दुसरीत होती आणि तिला तो आवडला. म्हणून मी क्रमाने लिहिते.

मुंबईला कॉलेजात असताना चौघा मित्रांनी तो काढला. ते ज्या प्रकारचं रॉक संगीत वाजवत त्यात एकेक गाणं तेवीस मिनिटं चालतं, दर दोन मिनिटांनी ताल बदलतो, आणि गाणं संपलं असं समजून कोणी टाळ्या वाजवल्याच, तर वादक त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. गाणं आजोबांनी रचलं होतं. शब्द इंग्रजी: बर्फाचा डोंगर, डोंगरावर किल्ला, किल्ल्यात एक आंधळा राजा. चौघांपैकी एकानेही बर्फ गोळेवाल्याच्या गाडीपलीकडे पाहिलेला नव्हता. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. लग्नानंतर त्या गाण्याचा कागद माझ्या हाती लागला तेव्हा मी त्यातल्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. आजोबा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

हे गाणं शेवटपर्यंत कधी वाजलंच नव्हतं. गॅदरिंगला सतराव्या मिनिटाला ड्रम वाजवणाऱ्या मित्राने घाई केली, असं आजोबांचं म्हणणं. आजोबाच मागे पडले, असं त्याचं म्हणणं. दोघांनी वाजवणं थांबवून स्टेजवरच या मुद्द्यावर चर्चा केली आणि बँड तिथे मोडला. पुढची चौदा वर्षं ते एकमेकांना लग्नामुंजीच्या पत्रिका पाठवत, एवढंच.

मग पंच्याऐंशीच्या सुमारास, जानेवारीत, त्या मित्राचं कार्ड आलं. तो कायमचा कॅनडाला भावाकडे चालला होता आणि त्याआधी पावसला आईला भेटायला येणार होता. आजोबांनी कार्ड तीनदा वाचलं.

"तो गेला की संपलं," ते म्हणाले. "सात मात्रांत वाजवणारा दुसरा कोण आहे या जिल्ह्यात?"

"भजनी मंडळात विचारा की. रूपक ताल सातचाच असतो ना?"

"तुला नाही कळायचं."

दोन दिवसांत आजोबांची पत्रं गेली. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चौघेही आमच्या घरी जमले. आम्ही तेव्हा पावसच्या रस्त्यावर, रत्नागिरीपासून थोडं बाहेर राहत होतो. आंब्याच्या पेट्या भरायची आमची बागेतली खोपी, म्हणजे मांगर, सीझन लागेपर्यंत रिकामा असे, तोच स्टुडिओ ठरला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना भाताचा पेंढा बांधला. बाहेरचा आवाज तरीही आलाच, आणि शिवाय ड्रमवाल्याला शिंका सुरू झाल्या.

वाद्यांचंही ऐका. आजोबांपुढे एका बंद पडलेल्या नाटक कंपनीची पायपेटी होती. तिचा भाता पायाने हलवला की कुरकुर होई. ती कुरकुर म्हणजे किल्ल्याचं दार, असं एकमताने ठरलं. गिटारवाले मित्र मालगुंडला शास्त्र शिकवत. त्यांच्या शेजाऱ्याने दुबईहून सिंथेसायझर आणला होता, तो ते मागून घेऊन आले. त्यात व्हायोलिन, बासरी आणि हेलिकॉप्टर असे आवाज निघत. बर्फाच्या डोंगरावर हेलिकॉप्टर तीन वेळा येऊन गेलं. गाणारे मित्र बँकेत हेडक्लार्क होते आणि बोलतानाही कर्ज नामंजूर केल्यासारखे खर्जात बोलत. रेकॉर्डर जुना, व्हॉल्व्हचा, मोठ्या स्पूलांचा. माझ्याकडे घड्याळ आणि वही.

शेजारच्या आमच्या आत्या काठी टेकत दारात आल्या.

"काय गो, कसली पूजा घातलीत?"

"पूजा नाही आत्या, रेकॉर्डिंग आहे."

"मग नारळ फोडलात की नाही?"

कोणी फोडला नव्हता. पहिला प्रयत्न शिंकेने गेला, दुसरा हेलिकॉप्टर नको तिथे आल्याने गेला. तेव्हा किल्ल्याचे चारही मालक निमूटपणे बाहेर आले आणि आत्यांच्या देखरेखीखाली त्यांनी नारळ फोडला.

तिसरा प्रयत्न दिवेलागणीनंतर, सव्वासातला सुरू झाला. त्या वेळी आमच्याकडचा बल्ब पिकल्या केळ्यासारखा पिवळा होई आणि पंख्याची पाती मोजता येत. पण गाणं शेवटपर्यंत गेलं. वहीत मी लिहिलं: तेवीस मिनिटं, दहा सेकंद. लगेच टेप लावून ऐकली. सुरेख आली होती, म्हणजे ते तसं म्हणाले. आजोबांनी चष्मा पुसला. ड्रमवाल्याने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा पुन्हा काढावा लागला. पहिल्या आनंदात दोघंही सतराव्या मिनिटाला बोलतच होते. त्यामुळे ते मिनिट कोणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने ड्रमवाला निघणार होता. चहा झाल्यावर, नऊच्या सुमाराला, जाण्याआधी एकदा नीट ऐकू या म्हणून टेप पुन्हा लावली.

हेडक्लार्कांचा आवाज आठवीतल्या मुलीसारखा आला. आंधळा राजा किल्ल्यात पळत सुटला. हेलिकॉप्टरचा डास झाला. सगळं गाणं एकोणीस मिनिटांत आटोपलं.

आजोबा ताडकन उठले. "बघ! तेव्हाही तू हेच केलंस! घाई!"

"चौदा वर्षं!" ड्रमवाला ओरडला. "लेका, चौदा वर्षं हे वाक्य तू लोणच्यासारखं मुरवत ठेवलंस! वहिनी, माझी बॅग कुठे आहे?"

"भावजी, एक मिनिट," मी म्हटलं. "घाई केली तर गाणं लवकर संपेल. पायपेटी वरच्या पट्टीत कशी जाईल?"

शास्त्राच्या मास्तरांनी मान डोलावली. पण या दोघांना मास्तर नको होते.

"वर बघा," मी म्हटलं. पंखा भिरभिरत होता, कालची मोजता येणारी पाती कुठे दिसत नव्हती. "काल संध्याकाळी करंट मेलेला होता, रेकॉर्डर हळू फिरला. ऐकलंत तेव्हाही तो तसाच होता, म्हणून बरोबर वाटलं. आता रविवारची सकाळ, करंट पुरा आहे."

"हे तू त्याची बाजू घेऊन बोलतेस," आजोबा म्हणाले.

"वहिनी, तुम्ही मला समजवायला म्हणताय," ड्रमवाला म्हणाला आणि बॅगेत कपडे कोंबू लागला.

तो असाच गेला असता तर पत्रिकासुद्धा थांबल्या असत्या. मी चपला घातल्या. वाडीत नारळी-पोफळीच्या आगरांना पाणी द्यायचे सात पंप होते. सातही घरी जाऊन मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता चालू करा. तुमच्या आईला दोन घरच्या इस्त्र्या लावायला पिटाळलं. मग भाताच्या गिरणीवर गेले.

"बाय, परवाच भात भरडून नेलंव ना तुमी?" गिरणीवाले म्हणाले.

"भात नाही आणला. नुसती गिरण चालू करा."

"नुसती?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाय, घरात सगला बरा हाय ना?"

"साहेबांचं गाणं वर चढलंय, ते खाली आणायचंय."

त्यांनी लगेच गिरण चालू केली. आमच्या घरातून कालपासून येत असलेले आवाज त्यांनीही ऐकले असणार.

मी परतले तेव्हा पंखा दमला होता आणि बल्ब केळ्यावर आला होता. मी टेप लावली. हेडक्लार्कांना मिशा परत आल्या. किल्ल्याचं दार सावकाश कुरकुरलं. ड्रमवाला एक शर्ट हातात धरून उभाच राहिला. चौघेही आता कान देऊन ऐकत होते. सतरावं मिनिट आलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण मोजता येतं. ड्रम सरळ चालले होते आणि पायपेटी अर्ध्या मात्रेने मागून येत होती.

आजोबा जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"काय?" ड्रमवाला म्हणाला. "गिरणीच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"मी मागे पडलो, म्हटलं."

"परत म्हण."

"एकदा म्हटलं तेवढं पुरे."

"वहिनी, हे वहीत लिहून घ्या हो."

मी लिहिलं. तेवीस मिनिटांनी टेप संपली, तशी हेडक्लार्कांनी ती उतरवून ड्रमवाल्यापुढे धरली. त्याने ती आजोबांच्या हातात दिली. "तुझ्याकडेच असू दे. कॅनडात करंट चोवीस तास पुरा असतो. तिकडे गिरण कोण चालू करणार?"

अकराची एसटी केव्हाच गेली होती. तो दीडच्या गाडीने गेला. आजोबा त्याची बॅग घेऊन स्टॉपपर्यंत गेले आणि गाडी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ आले नाहीत.

मी तेव्हा गिरणीवर होते. रिकामी गिरण किती वेळ फिरवायची, असा निरोप दोनदा येऊन गेला होता, आणि गडबडीत पंप बंद करायला सांगायचं मी साफ विसरले होते. सातव्या घरी, म्हणजे आत्यांकडे, पोचले तेव्हा आगरात घोट्याएवढं पाणी होतं, आणि आत्या ओटीवर बसून विचारत होत्या, "काय गो, उद्या पण गाणं आहे काय?"