ताईंचा पहारा

माझ्या थोरल्या नणंदेच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, कॉपी करताना सापडलेली आणि अजून न सापडलेली. ताई कॉलेजात इतिहास शिकवतात आणि परीक्षा ऑनलाइन झाल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पहारा देतात. पेपर चालू असेतो घरात कुकरची शिट्टी व्हायची प्राज्ञा नाही. पडद्यावरच्या चौकोनांत पोरं दिसत असतात, पण ताई डोळे मिटून नुसतं ऐकतात. एकदा फुलंब्री गावातल्या पोराच्या आणि इथं शहरात शहागंजातल्या पोराच्या चौकोनातून एकाच भंगारवाल्याची आरोळी एकदमच आली. ताई कडाडल्या, "एकाच खोलीत बसलायत की रे दोघं!" पोरं पांढरीफटक, आणि मीसुद्धा. हळदीकुंकवाला त्या बायकांच्या हातांवरची मेंदी, तिच्यात उत्तरं लिहिली असावीत अशी निरखतात, की बायका आपसूक मुठी मिटतात.

पण गेल्या परीक्षेत जे घडलं, ते सांगताना माझी अजून बोबडी वळते. आमच्या माडीवर भाड्यानं राहणारी वेरूळची मुलगी त्या दिवशी ताईंच्याच यादीत होती. तिच्या चौकोनातून कुणीतरी खाकरलं आणि ताई ताडकन उठून जिना चढल्या. मी मागोमाग. बघते तर दाराआड माझे सासरे! निवृत्त हेडमास्तर! शेजारणीच्या पेपरात डोकावली म्हणून सख्ख्या लेकीला, याच ताईंना, वर्गाबाहेर काढणारे!

"आबा, तुम्ही इथं काय करायलात?"

"लई हुशार पोर हाय गं. एका प्रश्नावर अडली, मला राहवलं नाय."

मुलगी हात जोडून रडायला लागली. "मॅडम, नापास झाले तर घरचे शिक्षण बंद करतेत हो."

ताईंनी खाली येऊन अहवाल पाठवला, वडिलांच्या पूर्ण नावासकट. मुलीचा पेपर रद्द झाला, फेरपरीक्षेची एक संधी तेवढी मिळाली. ही बाई आहे की दगड, असं मला वाटलं, आणि मी ते नवऱ्याला बोलूनही दाखवलं. त्याच संध्याकाळी ताई पुस्तक घेऊन माडीवर गेल्या, आणि मग रोजच जायला लागल्या.

फेरपरीक्षेला पहारा दुसऱ्या कुणाचा तरी होता. सासरे मुकाट्यानं शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसले. ताई जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवर बसल्या होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय. जवळ गेले तर धड्यांमागून धडे पुटपुटत होत्या, वर ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मला पाहून म्हणाल्या, "येईल ना गं तिला?"

मला त्यांची फार माया आली. मी शेजारी टेकले आणि त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.