पास्कूदादाच्या कवाडाला कुलूप

आणि कुलूपसुद्धा केवढं, जसं काय वाडीत सोनं पिकतं! केळीच तर आहेत, पास्कूदादा. आपला बाप एक, वाडी त्याची, आणि ती पायवाट त्याच्याही आधीची... अख्खं गाव तिथूनच चर्चला जातं. माझा होणारा जावई एकदा चालला आणि लगेच कुलूप? सख्खा भाऊ असून फोन उचलत नाहीस, म्हणून इथं गावाच्या ग्रुपवर लिहिते. वाचू देत सगळ्यांना.

माझी रोझलिन अमेरिकेत नर्स आहे. तिनं तिकडचाच मुलगा पसंत केला, आयझॅक. काळा आहे. लग्न इथं नंदाखालला, म्हणून दोघं आलीत.

गेल्या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला उशीर झालेला. म्हटलं, चला वाडीतून. आयझॅक कवाडाशीच उभा... दुसऱ्याची जागा आहे म्हणे. एवढा उंच बाप्या आणि केळींना घाबरतो! शेवटी रस्त्यानं गेलो, पोचलो तर प्रवचन संपत आलेलं.

घरी येऊन मी तोंड सोडलं. रोझलिन म्हणाली, "आई, जरा गप्प बसून ऐक." मग तो सांगत गेला, ती मराठीत करत गेली.

लहान असताना शाळेतून येताना हा एका घराच्या अंगणातून आला. बरोबरची गोरी पोरं रोजच यायची. मालकानं नेमका यालाच धरला, पोलीस बोलावले. त्यांनी पोराला गवतावर पालथं पाडून बेड्या घातल्या. तेव्हापासून त्याच्या आईची ताकीद... लांबून ये, पण रस्त्यानं ये.

मी चौथी शिकलेली, मला तिकडचं काय ठाऊक? मी विचारलं, "पण तू केलं काय होतंस?"

"चालत होतो."



दुसऱ्या दिवशी मी त्याला हाताला धरून वाडीतून नेलं. म्हटलं, माझ्या भावाची वाडी आहे, इथं तुला कोणी अडवणार नाही. संध्याकाळी कुलूप... आणि वर तुझा निरोप, काळा माणूस माझ्या वाडीत नको.

त्यानं कुलूप बघितलं. आणि रस्त्याकडं वळला... सवय असल्यासारखा.

दादा, अमेरिकेचं मी काही करू शकत नाही. कवाड आपलं आहे. तुझी वरात त्याच वाटेनं गेली, माझ्या पोरीचीही तिथूनच जाणार. रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं पुकारतील. मामा म्हणून वरातीच्या पुढं चालणार, की कुलूप राखत बसणार? शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे.