दिव्याखालचं भात

कुशाबा गेल्याची बातमी डिलाईल रोडवर पसरली, तेव्हा चारदोन जणांनी आधी मागे वळून पाहिलं म्हणतात. त्यांना दोष देता येणार नाही. कुशाबा मागून येऊन खांद्यावर हात ठेवतील आणि "यंदा लावणीक येतंस मा?" असं विचारतील, ही धास्ती चाळीतल्या प्रत्येक कोकणी माणसाच्या अंगात मुरलेली होती.

गावच्या मुंबई मंडळाचे ते अध्यक्ष. गिरणी संपात बुडाली, पुढे परळला एका इस्पितळाच्या फाटकावर त्यांनी खाकी कपड्यांत नोकरी केली. पण कामधंदा विचारला तर 'शेतकरी' म्हणायचे. मुंबईकरांनी गावची जमीन पडीक टाकू नये, एवढाच त्यांचा विषय. बारसं असो, साखरपुडा असो, माईक दिसला की कुशाबा उभे. एखादा पोरगा तोऱ्यात म्हणाला की गावाला आमची जमीन आहे, तर ते शांतपणे विचारायचे, "ती तुका ओळखता काय?" लग्नात आहेर म्हणून बियाण्याची पुरचुंडी द्यायचे. नव्या नवऱ्या ती मोठ्या आशेनं सोडायच्या आणि मग सासूच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

लोक हसायचे, पण लावणीच्या दिवसांत मंडळाची गाडी भरायची. गावात पाय ठेवला की कुशाबांचा नियम लागू व्हायचा: ज्या घरात लावायला हात उरलेले नाहीत, त्या घरचं शेत आधी. स्वतःचं सगळ्यात शेवटी. शांताबाई दरवर्षी यावरून भांडत आणि दरवर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी चिखलात उभ्या असत.

त्यांचं खरं भांडण मात्र एका डब्याशी होतं. खाटेखालच्या त्या पत्र्याच्या डब्यात कुशाबा लाल भाताचं वडिलार्जित बियाणं ठेवत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून. डब्याला जागा हवी म्हणून शांताबाईंची लग्नातली ट्रंक माळ्यावर गेली ती गेलीच. पेरणीआधी कुशाबा मूठभर भात ओल्या गोणपाटात गुंडाळून गॅलरीत टांगायचे, रुजतंय की नाही बघायला. त्याचं पाणी ठिबकायचं ते खालच्या मजल्यावरच्या अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टांवर. अण्णा मंडळाचे सेक्रेटरी आणि बँकेत जन्म घालवलेला टापटिपीचा माणूस. दरसाल खालून शिव्या येत, वरून चहाचं आमंत्रण जाई, आणि डाग पडलेला शर्ट अंगात घालूनच अण्णा चहाला येत.

मग कुशाबा आजारी पडले. एक वर्ष शेत पेरलंच नाही. इस्पितळात त्यांनी मुलाचा, निलेशचा हात धरला. निलेश म्हणाला, "बी जिवंत असलं तर यंदा मी लावतो, बाबा." बाप समाधानानं झोपला. निलेश बाहेर येऊन आईला म्हणाला, "दोन वर्षांचं बियाणं ते. मेलंय कधीच." मनानं वाईट नव्हता तो. शीवच्या एका माणसाला त्या शेतात शनिवार-रविवारपुरती बंगली बांधायची होती, आणि लवकरच कळवतो असं निलेशनं सांगून ठेवलं होतं.

डबा शांताबाईंच्या हाताशी होता, गोणपाटही होतं. पण त्यांचा हात होईना. भिजवलं आणि नाही रुजलं तर? तोवर निदान 'असेल' तरी म्हणता येत होतं. तेवढ्यात कुशाबा गेलेच, आणि सुतकात बियाण्याला हात लावायचा प्रश्नच उरला नाही.

त्या गडबडीत शेजारच्या चंपानं कुशाबांच्या खाटेपाशी दिवा मांडला. दिव्याखाली परातीत तांदूळ पसरतात. चंपानं खाटेखाली चाचपलं आणि हाताला लागलेल्या डब्यातलं भात ओतलं, टरफलासकट. शांताबाईंच्या लक्षात आलं तेव्हा वात पेटली होती, वर टोपली उपडी घातली होती. मांडलेला दिवा दहाव्यापर्यंत हलवत नाहीत. डब्यात राहिलंय ते राहिलंय, म्हणाल्या.

दिव्यापाशी रोज पाण्याचा पेला ठेवायची रीत. खोली एवढीशी, भेटायला येणारे उदंड. अण्णा रोज यायचे, दिव्याशेजारी बसायचे आणि उठताना त्यांचा दुखरा गुडघा पेल्याला लागून तो परातीत आडवा व्हायचा. अण्णा ओशाळायचे, शांताबाई पेला पुन्हा भरायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दहाव्याला टोपली उचलायची वेळ आली. गेलेला माणूस कुठल्या रूपानं गेला, त्याची खूण तांदळावर उमटते म्हणतात, म्हणून चाळ दाराशी गोळा झाली होती. अण्णांनी चष्मा पुसला, वाकले ते वाकलेलेच राहिले. शांताबाईंना वाटलं, परत गुडघा धरला.

"वैनी," अण्णा म्हणाले, "भात रुजलां."

परातभर फिकट पिवळे कोंब एकमेकांना रेटत उभे होते. सगळे दाणे नव्हते. कडेचे बरेच तसेच मेलेले पडले होते. पण निम्म्याच्या वर जिवंत होते. दिवंगताच्या दिव्याखाली अंकुर फुटणं शुभ की अशुभ, यावर दारात लगेच दोन तट पडले. रोज तेल घालायला टोपली उचलणाऱ्या चंपानं आपण दोन दिवसांपासून डोळे मिटून तेल घालत असल्याचं कबूल केलं. "माका वाटला, सांगलंय तर माकाच बोल लावशात," ती म्हणाली.

शांताबाईंना कोणाचंच ऐकू येत नव्हतं. त्या निलेशकडे बघत होत्या. तो परातीपुढे उकिडवा बसला, एक कोंब दोन बोटांत धरून पाहिला, आणि म्हणाला, "डब्यात किती उरलंय?"

"एका वाफ्यापुरतं होईल," शांताबाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावून मोकळेपणी रडल्या.

तेरावं आटोपलं. निलेशनं शीवच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मग उरलेल्यातलं मूठभर भात त्यानं पुन्हा भिजवलं, कारण एका परातीवर भरवसा ठेवणं बापाला चाललं नसतं. गोणपाट त्यानं नीट पिळलं नव्हतं. शांताबाईंनी गॅलरीतून खाली डोकावलं. अण्णांच्या दोरीवर धुतलेला पांढरा शर्ट होता आणि त्यावर टपटप पाणी पडत होतं. अण्णा खाली खुर्ची टाकून बसले होते, शर्टाकडे बघत. त्यांनी तो काढला नाही.