चिमूटभर माती

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या आइस्क्रीम कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर चालवणाऱ्या काकांमुळे मी आज जिवंत आहे. सगळे काकाच म्हणतात, नाव मला माहीत नाही. आत जाण्याआधी ते रोज चिमूटभर माती हवेत सोडून बघायचे. आमच्याकडे वाशिमला धान्य उपणताना असंच करतात, म्हणून एकदा विचारलं, "काका, इथं काय उपणताय?"

"तुलाच!" ते हसले.

परवा अमोनियाचा पाइप फुटला. डोळे जळत होते. सगळ्यांसारखा मीही गेटकडे धावलो. काकांनी कॉलर धरून उलटं ओढलं. "येड्या, वारा गॅस तिकडंच नेतोय! मागच्या भिंतीकडं पळ!"

गेटकडे पळालेल्यांपैकी दोघं अजून दवाखान्यात आहेत. वारा बघून पळायचं, हे आठवीत शाळा सोडून आलेल्या मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं? फोनवर आई रडली, म्हणाली, "त्यांना घरी आण." एक दिवस नेणारच आहे.