आण्णांच्या गाठी आणि आठ दिवे

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कंपनीत टेस्टिंगच्या टेबलावर होते, हातात तापलेली सोल्डरिंग गन. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचे आण्णा गेले, बाई. सकाळी चहा ठेवला, हाका मारल्या, तर उठनातच..." मी गन स्टँडवर ठेवली आणि कुणाला तरी सांगावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं. सांगण्यासारखं तिथं कुणी नव्हतं. आण्णा माझे थोरले चुलत भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. गेली चार वर्षं आमचं धड बोलणं नव्हतं. लग्नकार्यात गाठ पडली की "बरंय का?" "बरंय." तेवढंच.

आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं. आजोबांपर्यंत घरात मेंढरंच, पुढं मजुरी आणि थोडी कोरडवाहू जमीन. पदवी घेतलेली घरातली पहिली मीच, इलेक्ट्रॉनिक्समधली बीएस्सी. हे मी मिरवते आणि मिरवणारच. पण माझ्या हातात पहिली वायर कॉलेजनं दिली नाही, आण्णांनी दिली. नववीत शाळा सोडून ते गावोगाव मोटारी, मिक्सर, लग्नातली लाइटिंग दुरुस्त करत हिंडायचे. त्यांची एक खोड होती. प्रत्येक वायरीच्या टोकाला ते गाठ मारायचे. करंटच्या वायरीला एक, न्यूट्रलला दोन, अर्थिंगला तीन. मी शाळेत असताना विचारलं होतं, "आण्णा, वायरीला रंग असतोय की, गाठी कशाला?" तर म्हणाले, "रंग उन्हानं उडतोय. गाठ कुठं जातीय?" मला पटलं. आजोबाही मेंढरांच्या दोरीला गाठी मारून खूण ठेवायचे, त्यामुळं ती मला घराण्याची सवयच वाटली.

कॉलेजात नाव घालायला मला शहरात तेच घेऊन आले. आत यायला लाजत होते. फाटकाबाहेर लिंबाखाली तीन तास बसून राहिले. मी बाहेर आल्यावर विचारलं, "झालं का नाव?" म्हटलं, झालं. "मंग आजपासून तुझं नाव बीएस्सी." तेव्हापासून मरेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. स्वतः तरुणपणी छावणीत सैन्यभरतीला गेले होते. पळण्यात पहिल्या पाचांत आले आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत. "छाती दोन बोटं कमी भरली," असं घरात सांगितलं. चुलते कितीतरी वर्षं चिडवायचे, "बोकडं खाऊन बी छाती भरंना व्हय रं तुझी!" सगळ्यांबरोबर आण्णाही हसायचे.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. शहर पडेगावच्या माळापर्यंत पसरलं होतं, बिल्डिंगीवर बिल्डिंगी उठत होत्या आणि पाणी टँकरनं येत होतं. मला नोकरी लागली होती, मी त्याच बाजूच्या एका नव्या सोसायटीत भाड्यानं राहत होते. माझ्या शब्दावर आण्णांना तिथं काम मिळालं. आठ बिल्डिंगी, गच्चीवर आठ टाक्या, खाली एक मोठा हौद. हौदात टँकर रिकामा झाला की कोणत्या टाकीत पाणी चढवायचं ते आण्णांनी ठरवायचं. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र्याचा एक बोर्ड केला होता. प्रत्येक टाकीला दोन बल्ब, एक वर, एक खाली. वरचा पेटला की टाकी भरली, खालचा पेटला की रिकामी. सोळा बल्ब आणि मागं वायरींचा हा गुंताडा. पण दोन वर्षांत एकदाही चूक नाही.

मला तो गुंताडा बघवत नव्हता. शिकलेली होते ना. एका रविवारी बसून नवा बोर्ड केला. काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, आणि रंग बदलणारे आठ एलईडी एकाच वायरीत ओवलेले. आण्णांना समोर बसवून समजावलं. प्रत्येक दिव्याच्या पोटात लाल, हिरवा, निळा असे तीन बारके दिवे असतात, ते कमी-जास्त पेटवले की पाहिजे तो रंग निघतो. कंट्रोलर आठांचे रंग एका ओळीत पाठवतो. पहिला दिवा आपल्यापुरतं ठेवून घेतो आणि उरलेलं पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. आण्णा लगेच म्हणाले, "म्हंजी पंगतीत पत्रावळ्या फुडं सरकवत्यात, तसं." इतकं चटकन माझ्या वर्गातल्या कुणाला कळलं नव्हतं. मी खूश झाले. "आता एका टाकीला एकच दिवा. रिकामी असली की लाल, भरली की हिरवा. बघा."

आण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लई भारी केलंस. पण बीएस्सी, टाकी रिकामी असंल तवा त्याला जरा लुकलुकवता येईल का?"

"कशाला? रंग बदलतोय की."

"नाय, आपलं... लांबून दिसाया."

"आण्णा, ही काय लग्नातली लाइटिंग नाय."

"बरं," म्हणाले, आणि पाना घेऊन आपला जुना बोर्ड स्वतःच खाली उतरवला.

पंधरा दिवसही झाले नसतील. त्या आठवड्यातला एकुलता एक टँकर आला आणि आण्णांनी पाणी चढवलं ते आधीच भरलेल्या टाकीत. तिसऱ्या बिल्डिंगीच्या गच्चीवरून पाण्याची धार खाली रस्त्यावर, आणि सहाव्या बिल्डिंगीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन ते वाहतं पाणी बघत उभ्या. माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं झोपला होता, कुणी म्हणालं पिऊन आला असेल. आण्णा दारूला शिवत नसत हे मला ठाऊक होतं. मी तेही बोलले नाही. माणूस माझ्या शब्दावर लागलेला, बोर्ड मी केलेला. आता सगळे माझ्या बोर्डाला नावं ठेवतील, एवढीच मला भीती. म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलले, "आण्णा, लाल-हिरवं तरी कळतं का तुम्हाला?"

"नाय कळत," आण्णा म्हणाले.

लोक हसले. मला वाटलं, चारचौघांत त्यांनी मलाच उलटा टोमणा मारला. मी पाठ फिरवून घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या ऑफिसात दिल्या आणि गावाकडं निघून गेले. थांबा म्हणून कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

तेरावा होऊन तीन-चार आठवडे झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले. त्यांनी आण्णांची पत्र्याची पेटी पुढं ओढली. "ह्यांचं सामान तुमीच न्या. मला काय कळतंय त्यातलं." पेटीत पक्कड, टेस्टर, वायरींची वेटोळी, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला गाठ. मी म्हटलं, "काय सवय होती एकेक." वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"सवय कसली? लाल-हिरवं एकच दिसायचं की त्यान्ला. भरतीत डाक्टरनं पुस्तकातले ठिपके दावले, त्यातला आकडा वाचता आला नाय, म्हून तर माघारी लावलं. छातीचं आपलं लोकान्ला सांगायचं."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुमाला तर नकोच म्हनायचे. बीएस्सीला कळलं तर तिला माझ्या हाताखाली शिकल्याची लाज वाटंल, म्हनायचे." वहिनींनी पेटीची कडी लावली. मग म्हणाल्या, "निळं तेवढं वळखायचे. माझं निळं लुगडं त्यान्ला पार बांधावरनं दिसायचं."

परतीच्या बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसले होते. पाहिजे तो रंग निघतो, असं मीच त्यांना सांगितलं होतं. एवढ्या रंगांतून मी नेमके तेच दोन काढले. त्यांनी बिचाऱ्यांनी रंग मागितलाच नव्हता, फक्त लुकलुकवायला सांगितलं होतं. आणि त्या दिवशी चारचौघांत, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी खरं ते मोठ्यानं सांगितलं होतं...

सोसायटीत पुढं आपोआप पाणी चढवणारी मशीन बसली तेव्हा माझा बोर्ड भंगारात निघाला होता. जागा बदलताना तो मी बरोबर आणला होता, का ते ठाऊक नाही. परवा माळ्यावरून खाली काढला, पुसला. प्रोग्रामात हिरव्याच्या जागचा आकडा निळ्याच्या जागी टाकला, आणि टाकी रिकामी असेल तर दिव्याला उघडझाप लावली. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत झालं.

बोर्ड आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी एकटीच राहते, टाकीही एकच. तिची वायर पहिल्या दिव्यासाठी कंट्रोलरला जोडली आणि टोकाला एक गाठ मारली. तो दिवा निळा असतो. बाकीच्या सात दिव्यांना टाकीच नाही, म्हणून कंट्रोलर त्यांच्या टाक्या रिकाम्या धरतो. प्रोग्रामात आठच्या जागी एक लिहिलं की ते विझतील. मी लिहिलेलं नाही. सकाळी भाकरी थापताना मान वर केली की ते सातही लुकलुकत असतात. लांबून दिसतात.