गुडघा अर्धा बदलताना

गेल्या माघातला सोमवार. नगरच्या दवाखान्यात मी, पत्नी शोभा आणि गाडी घेऊन आलेला तिचा भाऊ बाळू असे तिघे होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज निघाला एक लाख ऐंशी हजार. शोभाचं वय चौपन्न. बेलापूरला आमची थोडी शेती आणि चार गाई आहेत. धार काढून उठताना तिला खांबाचा आधार घ्यावा लागत होता, म्हणून आलो होतो.

डॉक्टरांनी उभं करून काढलेला एक्स-रे दाखवला. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातली कूर्चा झिजणं. तिची झीज फक्त आतल्या बाजूची होती, त्यामुळे पर्याय दोन. हाय टिबियल ऑस्टिओटॉमी, म्हणजे गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करायचा. भार चांगल्या बाजूवर जातो. सांधा स्वतःचाच राहतो आणि पुढे खाली बसता येण्याची आशा जास्त, पण हाड जुळेपर्यंत कुबड्या. किंवा पार्शल नी रिप्लेसमेंट, म्हणजे झिजलेली अर्धी बाजूच बदलायची. चालणं लवकर सुरू होतं, मात्र उकिडवं बसणं टाळायचं. दुर्बिणीतून सफाईचंही मी विचारलं. अशा झिजेला तिचा फारसा उपयोग नाही, असं ते म्हणाले.

मला पाय सरळ करण्याची कल्पना फार पटली. ट्रॅक्टरचा टायर एकाच बाजूनं झिजत असेल तर आपण आधी चाक सरळ करतो, तसंच हे. कापलेल्या हाडातली फट कशी भरते, हाड धरून ठेवणारी प्लेट पुढे काढावी लागते का, मी विचारतच राहिलो.

"दाजी, बाई हाय ती, ट्रॅक्टर न्हाई," बाळू म्हणाला.

डॉक्टर हसून शोभाकडे वळले. "ताई, या गुडघ्यानं तुम्हाला काय काय करायचंय?"

मीच सांगून टाकलं, की धारेला बसता आलं पाहिजे.

"मला न्हाई बसायचं," शोभा म्हणाली. "लई वर्सं बसले. आता नीट चालायचंय."

गाईंचं काय, मी विचारलं.

"गाई तुमच्याबी हायेत की."

अर्धा सांधा बदलायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. आता गावात एकटी हिंडते.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी खर्च, टिकाऊपणा सगळं विचारावं. पण डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर ज्याचा गुडघा त्यालाच देऊ द्यावं.

दवाखान्याचं बिल एक लाख ब्याऐंशी हजार झालं, ते भरलं. धारा काही दिवस मी काढून पाहिल्या, कंबर धरली. मग गल्लीतल्या एका माणसाला महिना सहा हजारांवर बोलावलं. पहिला पगार परवा त्याच्या हातात दिला. धारेच्या कामाचे पैसे आमच्या घरातून कुणाला दिले गेले, ते पहिल्यांदाच.